सांधे आतून कसे पोखरले जातात?



सकाळी बोटे तासभर आखडलेली राहिली, की 'वात आहे' एवढ्यावर आपल्याकडे विषय संपतो. परंतु वयोमानाने होणारी गुडघ्याची झीज निराळी आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निराळा. हा विकार ऐन तिशी-चाळिशीतही जडतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक आहे आणि घरात त्यांच्याच दुखण्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते.

सांध्याच्या आत एक अत्यंत तलम अस्तर असते. जाडी जेमतेम एक ते तीन पेशींची. वंगणासारखा द्रव पुरविणे हे त्याचे कार्य. या रोगात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच काही प्रथिनांना परके समजते. त्या प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झालेले असते. त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये दुखणे सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही रक्तात आढळू शकतात. (विडी-सिगारेटने हा धोका वाढतो, हे ओढणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.) पुढे अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होते. त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे रासायनिक निरोप धाडतात. अस्तर फुगून कूर्चेवर चढते. त्यातील पेशी कूर्चेच्या कोलॅजेनचे धागे कातरणारी विकरे स्रवतात. रँक-लायगँड हा आणखी एक निरोप तर हाड खाणाऱ्या पेशीच घडवितो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गेलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही.

इतके निरोप असताना एकच अडवून काय साधणार, अशी शंका शास्त्रज्ञांनाही होती. लंडनच्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या प्रयोगशाळेत, रुग्णांच्या सांध्यातील पेशींमध्ये टीएनएफ रोखताच इतर निरोपही मंदावले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांना टीएनएफरोधक औषध देण्यात आले. सूज उतरली, मात्र औषधाचा परिणाम ओसरताच रोग परतला.

आजही बहुधा प्रथम मेथोट्रेक्सेट देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. टीएनएफरोधकापूर्वी क्षयाची तपासणी करतात, कारण दबलेला क्षय जागा होऊ शकतो. नुसत्या वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, हाडाचे पोखरणे थांबत नाही. बोटांच्या सांध्यांची सूज काही आठवडे टिकली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवून आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या तपासण्या करून घ्याव्यात. काही रुग्णांत या दोन्ही तपासण्या निर्दोष येऊनही रोग असतो, त्यामुळे केवळ अहवाल पाहून घरी बसू नये.