उतारा आणि उपकरण

साखर कारखान्यांतील अभियंत्यांची ही परिषद जगत्तुंग सागराच्या कंधार नगरीत भरली आहे. स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटोपावे हा संकेत मला ठाऊक आहे. तरी एक मुद्दा मांडतोच. कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा अभियंता अजून खर्चाच्या रकान्यात धरला जातो. माझ्या मते तो ऊसदराच्या हिशेबात धरायला हवा.

साखर शेतात तयार होते. कारखान्यात ती वाचते किंवा वाया जाते, एवढेच. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जादा. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात हा फरक दिवसाला ८३ हजारांचा होतो, आणि तो शेतकऱ्याचा असतो. आता रसाचा सामू पाहा. तो सातच्या खाली घसरला की तापलेल्या रसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि मळीत जाते. फार वर चढला तर रसाचा रंग बिघडतो. हा सामू सांगणाऱ्या इलेक्ट्रोडवर चुन्याचा थर बसतो. तो वेळेवर धुतला नाही तर पडद्यावरचा आकडा शांतपणे खोटे बोलत राहतो, आणि चुन्याचा व्हॉल्व्ह त्याच आकड्यावर विश्वास ठेवून चालतो.

कुणी म्हणेल, जुना पॅनमन दोन बोटांत तार धरून पाक ओळखतो, मग उपकरणे कशाला? त्याच्या हाताला तोड नाही. पण ते ज्ञान एका पाळीपुरते, एका पॅनपुरते असते, आणि रात्री तीन वाजताचा बॉयलरचा दाब किंवा त्याच्या ड्रममधली पातळी बोटांना कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाळप चार-पाच महिन्यांचे, मग बारमाही पगार का द्यावा? कारण काटा, प्रवाहमापक, दाबमापक तपासून प्रमाणित करण्याचे खरे काम बंद हंगामातच होते. मोळी पडल्यावर दुरुस्तीला सवड कुठली! नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत हे शास्त्र शिकवले जाते. तिथली हुशार मुले हंगामी कराराच्या कागदावर आपल्याकडे कशाला थांबतील? म्हणून या परिषदेने कायम पदाचा ठराव चर्चेला घ्यावा, अशी विनंती करून मी अध्यक्षांना पुढील कामकाज सुरू करण्यास सांगतो.