सुकटीचा डबा आणि टोकियो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातलं खाणंपिणं' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. कारण उघड आहे. आपल्यापैकी निम्म्यांची मुलं आता कॉलेजात आहेत, काहींचे व्हिसाचे कागद चालू आहेत, आणि ग्रुपवर सारखा एकच प्रश्न येतो, "तिकडे पोरं खाणार काय?" मी 2006 ते 2012 टोकियोत होते, म्हणून जपानबद्दल बोलते. जर्मनी-कॅनडावाल्यांनी आपापलं सांगावं.

त्याआधी थोडं आपल्या वर्गाबद्दल. मी आगऱ्यांच्या घरातली. माझ्या डब्यात आठवड्यातून दोनदा तरी तांदळाची भाकरी आणि सुकट, नाहीतर भाजलेला बोंबील असायचा. डबा उघडला की बाकावरच्या दोघी-तिघी अलगद खिडकीकडे सरकायच्या. कोणी काही बोलायचं नाही. मीही बोलले नाही, फक्त आईला म्हणाले, बटाट्याची भाजी देत जा. आज ही तक्रार नाही. त्यातल्याच एकीने पुढे मला जवळ्याची कृती विचारून घेतली, ती समोर बसून हसतेय. सांगायचं एवढंच, की खाण्याच्या वासामुळे माणसं कशी जवळ-लांब होतात, ते मला टोकियोला जायच्या आधी ठाऊक होतं.

टोकियोत पहिल्याच आठवड्यात ऑफिसजवळच्या दुकानात सोबा नूडल्सचा वाडगा समोर आला आणि मला थेट आपल्या बाजारातली सुक्या मासळीची रांग आठवली. तो वास 'कात्सुओबुशी'चा. ट्यूनाच्या जातीचा मासा उकडायचा, पुन्हा पुन्हा धुरी द्यायची, वाळवायचा, इतका की लाकडासारखा टणक होतो. मग तो रंध्यावर किसायचा. त्या किसाचं आणि 'कोंबू' नावाच्या समुद्री शेवाळाचं पाणी म्हणजे 'दाशी'. आपल्याकडे फोडणी, तसं त्यांच्याकडे दाशी. सुपात, भाजीत, अंड्याच्या पोळीत, सगळीकडे. 1908 मध्ये किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकाने याच कोंबूमधून ती चव वेगळी काढली, तिला 'उमामी' नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्याची पावडर अजिनोमोटो म्हणून बाजारात आली. आपण चायनीजच्या गाडीवर जिला नावं ठेवत चाटूनपुसून खाल्ली, तीच ही.

मला दाशी पहिल्या घासाला आवडली. यात माझं काही कर्तृत्व नाही, सुकटीवर वाढलेली जीभ ती. 'नात्तो' म्हणजे आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन मात्र आजतागायत गळ्याखाली उतरलेले नाहीत.

खरी पंचाईत शाकाहाऱ्यांची. आमच्या टीममध्ये विदर्भातला एक मुलगा होता. त्याने एक वाक्य पाठ केलं होतं, 'निकू नाशी', म्हणजे मांस नको. पण 'निकू' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो. मासा त्यात धरत नाहीत, सॅलडवरचे हॅमचे तुकडेही कधीकधी धरत नाहीत, आणि दाशी तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. दोनदा फसल्यावर त्याने बाहेर खाणंच सोडलं. ब्रेड, केळी, दूध. मग टीमबरोबर जेवायला जाणं सोडलं. जपानमध्ये अर्धं काम जेवणाच्या टेबलावर ठरतं, तिथे हा नसायचा. चार महिन्यांत नऊ किलो उतरला आणि परत आला. हुशार मुलगा. त्याची शाकाहाराची निष्ठा मला कमी लेखायची नाही. त्याला कोणी वेळेवर चार शब्द जास्त शिकवले नाहीत, याचं वाईट वाटतं.

कारण त्याच देशात शुद्ध शाकाहाराची परंपरा आहे. बौद्ध मठांतलं 'शोजिन र्योरी', म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. दाशी करायची ती कोंबू आणि सुक्या मशरूमची. आपल्या चातुर्मासवाल्या आजींना चाललं असतं. 675 मध्ये तेन्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. गोमांस उघडपणे प्रतिष्ठित झालं ते मेइजी सम्राटाने 1872 मध्ये ते खाल्ल्यावर. म्हणजे परक्या अन्नाशी जुळवून घेणं त्या देशालाही करावं लागलंच की.

आपल्याकडचं उदाहरण तर शेजारचंच, कल्याणचं. आनंदीबाई जोशी. 1883 मध्ये अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली. जाण्याआधी तिने भर सभेत सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाने तिला घरच्यासारखं ठेवलं, पण पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत ती एकटी, शाकाहार सांभाळून डॉक्टरीचा अभ्यास करत होती. मार्च 1886 मध्ये पदवी, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने मृत्यू. मृत्यूचं खापर आहारावर फोडणं बरोबर नाही. पण आपण तिची पदवीच तेवढी सांगतो. ती रोज संध्याकाळी काय शिजवत असेल आणि कोणाबरोबर जेवत असेल, हे मला टोकियोत फार जाणवायचं.

आम्हाला तेवढं सोसावं लागलं नाही. आम्ही राहायचो निशी-कासाईला, एदोगावा वॉर्डात. 2000 सालच्या वाय-टू-केच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर आले आणि ऑफिसांकडे थेट जाणारी तोझाई लाइन म्हणून तिथे राहिले. डाळ, हिंग, पोहे सगळं मिळायचं. तिथलेच योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. त्यांच्या आईंनी तिथे घरगुती जेवणाचं हॉटेल चालवलं.

पण डाळ मिळाली म्हणून प्रश्न सुटत नाही. एके दिवशी आमच्या मजल्यावर लिफ्टजवळ चिठ्ठी लागली, 'स्वयंपाकाच्या वासाबाबत शेजाऱ्यांचा विचार व्हावा.' नाव कोणाचंच नव्हतं, आणि फोडणी देणारं घर एकच होतं. मला शाळेतली खिडकी आठवली. या वेळी मी बटाट्याची भाजी केली नाही. शेजारच्या आजींकडे गेले आणि मोडक्या जपानीत विचारलं, नेमका कशाचा त्रास होतो? हिंगाचा नव्हता, लसणीचा नव्हता. मी महिन्यातून एकदा सुक्या मिरच्या भाजून मसाला करायचे, त्याने त्यांना ठसका लागायचा. एवढंच! मग मिरच्या भाजणं बंद केलं, मसाला पनवेलहून आईकडून यायला लागला.

11 मार्च 2011 ला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला. गाड्या बंद, नवरा ऑफिसातून चालत रात्री घरी आला. पुढच्या दिवसांत दुकानांतले तांदूळ, ब्रेड, पाणी संपलं. माझी मुलगी दहा महिन्यांची होती, आणि 23 तारखेला जाहीर झालं की एक वर्षाच्या आतल्या मुलांना नळाचं पाणी देऊ नका, त्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडलंय. त्या संध्याकाळी आजींनी दार वाजवलं. हातात साठवणीतल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि चार ओनिगिरी, आत कात्सुओबुशीचं सारण. मी त्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी दिली. दुसऱ्या दिवशी सरकारी बाटल्याही वाटल्या गेल्या, पण आजींच्या आधी आल्या होत्या.

आता कामाचं. मुलांच्या बॅगेत वीस किलो फराळ कोंबू नका. मसाला, हिंग आणि छोटा कुकर पुरे. जपानला मांसाचे पदार्थ आणि दाखल्याशिवाय ताजी फळं नेऊ देत नाहीत, तेव्हा हापूसची पेटी विसरा. जायच्या आधी भात, वरण आणि एक भाजी करता आली पाहिजे, मुलग्यालासुद्धा. काय खायचं नाही ते त्याने स्वतः ठरवावं आणि तिथल्या भाषेत नीट लिहून खिशात ठेवावं. शाकाहारी असेल तर 'मांस, मासे आणि माशाची दाशी' असं तिन्ही सुटं सुटं. जेवायला मात्र सगळ्यांबरोबर बसावं, ताटात नुसता भात असला तरी.

जपानी चिठ्ठी मी लिहून आणली आहे, झेरॉक्स नोंदणीच्या टेबलावर आहेत. बाकी जेवताना बोलू. आत वाल आणि सुकट दोन्ही आहे असं कळलंय.