तीस इंच
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला माणूस. माईकसमोर उभे राहण्यापेक्षा मे महिन्यात ट्रॅकवर उभे राहणे मला सोपे वाटते. पण श्रींच्या मागचा हा मरून पडदा तुम्ही दरवर्षी पाहता. २०१६ च्या उत्सवात माझा एक शाळकरी मित्र दारव्ह्याहून इथे बिलासपूरला आला होता. भाड्याचा पडदा आखूड पडला, तेव्हा त्याने कॉलनीतूनच एक शिलाई मशीन मिळवून रातोरात हा शिवून दिला. बऱ्याच जणांना तो आठवत असेल. यंदा फेब्रुवारीत तो गेला. वय सत्तेचाळीस.

पहिली ते दहावी आम्ही एका बाकावर. दारव्हा म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या लाईनवरचे, शकुंतलेचे गाव. (ती गाडी आता बंद आहे.) चौथीत असताना त्याने वडिलांच्या दुकानातला शिंप्याचा टेप पळवून आणला आणि आम्ही मोतीबाग स्टेशनाजवळ रूळ मोजले. आतून आतून बरोबर तीस इंच! पुढे पुस्तकात ७६२ मिलीमीटर वाचले तेव्हा हसू आले. आज मला ब्रॉडगेजचे १६७६ मिलीमीटर तपासायचा पगार मिळतो, पण माझी पहिली गेज तपासणी ती. टेपबद्दलचा मार मात्र त्याने एकट्याने खाल्ला.

आम्ही दहावीत होतो त्याच वर्षी, १९९४ मध्ये, मँचेस्टरचे १९२१ सालचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले. त्यानंतर मी यवतमाळला पॉलिटेक्निकला गेलो, तो दुकानात बसला. माझ्या मुलाखतीची पँट त्यानेच शिवली. माप घेताना म्हणाला, "तुही कंबर न् शकुंतला सारखीच बे, तीस इंच." वर कापड दाबून ठेवले, "नोकरी लागल्यावर लागन."

नोकरी लागली, मी इकडे आलो. आई-बाबा तिकडेच राहिले. इथे बसलेल्या बहुतेकांची हीच कथा आहे, म्हणून फार सांगत नाही. बाबांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, आईचा दवाखाना, घरपट्टी, गळके छप्पर, सगळे तोच पाहायचा. २०२१ मध्ये बाबा रात्री पडले. मी ब्लॉकमध्ये होतो, फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो तेव्हा प्लास्टर होऊन बाबा चहा पीत होते. "तू काहून आला? मी हाय ना इथं," असे म्हणून त्याने मलाच झापले.

दर रविवारी मी त्याला फोन करायचो. शेवटच्या रविवारी तो म्हणाला, रात्री छातीत जळजळते. मी म्हटले, तेलकट कमी खा. आणि लगेच बोअरच्या मोटारीचे विचारले. गुरुवारी तो गेला. बडनेऱ्याला उतरून एस.टी. पकडेपर्यंत सगळे आटोपले होते.

वहिनींनी नंतर सांगितले की डॉक्टरांनी त्याला डिसेंबरमध्येच तपासण्या करायला सांगितल्या होत्या. ठरला तो आठवडा बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निघाला. त्याने पुढे ढकलले, मग राहूनच गेले. ऑपरेशनच्या दिवशी मी त्याला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा बाबांचे विचारले. त्या माऊलीने हे तक्रार म्हणून सांगितले नाही, तेच जास्त लागले.

दुकानातली मापाची वही त्यांनी मला दाखवली. माझ्या नावाचे वेगळे पान होते. तीस, बत्तीस, चौतीस, आणि शेवटी अडतीस. त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिले होते, "ब्रॉडगेजकडे."

आता रविवारी त्याच्या मुलाला फोन करतो. तो अकरावीत आहे. काय विचारावे ते अजून नीट जमत नाही.

कार्यकारिणीला एकच विनंती. यंदा मंडप उंच झाल्यामुळे नवा पडदा घ्यायचे चालले आहे, असे कळले. घेऊ नका. याच्या खालच्या काठाला त्याने चार इंच कापड दाबून ठेवले आहे. तेवढी शिवण उसवली की पुरेल.