हिशेब मिटवून निघावं



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं, ‘क्रेडिट कार्ड बंद करायचं, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे?’ बँकेत तीस वर्षं काढल्यावर मी एवढंच सांगेन, की कार्ड घेताना माणूस फार कमी चुकतो. तो चुकतो ते सोडताना.

सुरुवात घरातूनच करतो. माझा धाकटा भाऊ मुंबईला असतो. त्याच्याकडे एक महागडं कार्ड होतं. वापर नाही आणि फी भरमसाट, म्हणून एके दिवशी त्याने कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि विषय संपला असं समजून तो कामाला लागला. बँकेला कळवलंच नाही. मधल्या काळात मोबाईल नंबर बदलला होता. पुढच्या वर्षीची फी लागली, ती भरली गेली नाही, तिच्यावर विलंब शुल्क चढलं, व्याज चढलं. दोन वर्षांनी तो घरासाठी कर्ज मागायला गेला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने त्याचा क्रेडिट अहवाल त्याच्यापुढे सरकवला. आयुष्यात एक हप्ता न चुकवलेला माझा भाऊ त्या कागदावर थकबाकीदार होता. त्या रात्री त्याचा फोन आला. त्याचा आवाज मला अजून आठवतो.

मित्रहो, कार्ड म्हणजे तो प्लास्टिकचा तुकडा नव्हे. कार्ड म्हणजे बँकेच्या वहीतलं तुमच्या नावाचं खातं. तुकडा मोडला तरी खातं चालूच राहतं.

देणं मिटवल्याशिवाय निघता येत नाही, ही गोष्ट आपल्या दाभोळला नव्याने सांगायला नको. बहमनी अमदानीत हे कोकणातलं मोठं बंदर होतं. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला आणि परतताना याच बंदरातून होर्मुझला निघाला. भाड्यापोटी सोन्याची दोन नाणी मोजल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. आधी देणं मोजायचं आणि मग जहाजात पाय ठेवायचा, ही बंदराची रीत.

ही रीत मोडली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. खाडीपलीकडे अंजनवेलला वीजप्रकल्प उभा राहिला आणि नाव मात्र दाभोळचं लागलं. 1999 मध्ये वीज सुरू झाली. ती राज्य वीज मंडळाला परवडेना, बिलं थकली, वाद पेटला आणि 2001 च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. पुढे खटले, लवाद, हमीचे दावे. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली, तेव्हा कुठे पुढची वाट दिसू लागली. करार महाग होता की नव्हता, यावर आजही दोन मतं असतील. पण महागड्या बंधनातून बाहेर पडताना पैसे थकवणं हा मार्ग किती लांबचा पडतो, हे या खाडीकाठाइतकं कोणाला ठाऊक आहे?

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी धोपाव्याच्या फेरीबोटीत माझी पुतणी बरोबर होती. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘काका, हे बघा. वार्षिक फी 4,999. त्यावर 18 टक्के जीएसटी.’ म्हणजे जवळजवळ 5,899 रुपये. विमानतळावरच्या लाउंजसाठी घेतलेलं कार्ड, आणि वर्षभरात ती विमानात बसली नव्हती. ‘बंद करू का? पण सगळे म्हणतात सिबिल स्कोअर खराब होतो.’

मी फेरीचं तिकीट उलटं केलं आणि मागे आकडे मांडले. महागड्या कार्डाचं लिमिट दीड लाख. दुसरं बिनफीचं कार्ड, लिमिट पन्नास हजार. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च तीस हजार. आज ती दोन लाखांपैकी तीस हजार वापरते, म्हणजे 15 टक्के. मोठं कार्ड गेलं की तोच खर्च पन्नास हजारांवर येतो, म्हणजे 60 टक्के. खर्च एका रुपयाने वाढलेला नाही, तरी कागदावर ती ओढाताणीत असलेली दिसते. स्कोअर घसरतो तो मुख्यतः इथे. वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण दंडक आहे.

उपायही त्याच तिकिटावर लिहिले. पहिला, आधी बिनफीच्या कार्डाचं लिमिट वाढवून घे. ते एक लाख झालं की तीस हजार म्हणजे 30 टक्के. दुसरा, बिल तयार होण्याआधीच मधे थोडी रक्कम भरत जा. तिसरा, बंद करण्यापूर्वी त्याच बँकेला विचार, ‘हेच कार्ड बिनफीच्या कार्डात बदलून देता का?’ मोठं कार्ड तुझं सर्वांत जुनं असेल तर हा उपाय उत्तम, कारण खात्याचं वयही मोजलं जातं. मात्र जुनं खातंच पुढे चालू राहणार का, हे लेखी विचारून घे. आणि चौथा, घराचं किंवा गाडीचं कर्ज तोंडावर असेल तर ते हातात पडेपर्यंत थांब.

ज्यांच्याकडे एकच कार्ड आहे, त्यांनी ते सोडण्याआधी बिनफीचं दुसरं घ्यावं. सहज मिळत नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड आहेच. आणि एक भीती मनातून काढून टाका: नीट बंद केलेल्या कार्डाचा चांगला इतिहास लगेच पुसला जात नाही. ते खातं ‘बंद’ या शेऱ्यासह अहवालात राहतं.

आता बंद करण्याची रीत. बिलात आलेली आणि अजून न आलेली, दोन्ही देणी फेडा. कार्डावर हप्त्याने घेतलेली वस्तू असेल तर उरलेले हप्तेही. रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. वीजबिल, विमा, ओटीटी असं जे जे त्या कार्डावरून आपोआप जातं ते दुसरीकडे वळवा. घरच्यांना दिलेली जोडकार्डं लक्षात ठेवा. मग बँकेच्या ॲपवरून किंवा ईमेलने अर्ज करा आणि तक्रार क्रमांकासारखा जो क्रमांक मिळेल तो लिहून ठेवा.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात, की थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायचे. अर्ज पोस्टानेच पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. खात्यात तुमचेच पैसे जास्तीचे पडून असतील तर ते तुमच्या बँक खात्यात परत यायला हवेत. फोनवरचा मुलगा नवी सवलत देऊ करेल, फी माफ करतो म्हणेल. फी खरोखर माफ होत असेल आणि कार्ड उपयोगाचं असेल तर जरूर विचार करा, पण लेखी घ्या. नको असेल तर शांतपणे ‘बंदच करायचं आहे’ असं सांगा. त्यात उद्धटपणा नाही.

एक फार महत्त्वाचं. थकलेल्या कार्डावर ‘थोडे पैसे भरा, मिटवून टाकू’ असा प्रस्ताव येतो. त्यानंतर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. त्याचा अर्थ पूर्ण देणं फिटलं नाही असा होतो, आणि पुढची बँक तो शेरा आधी वाचते. शक्य असेल तर वेळ घ्या, पण पूर्ण भरा.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. सुमारे महिन्याभराने आपला अहवाल बघा. देशात असे अहवाल देणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात कार्डासमोर ‘बंद’ आणि शिल्लक शून्य दिसलं पाहिजे. चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार आहे.

माझ्या भावाने सगळी रक्कम भरली, पण मागच्या 36 महिन्यांचा भरण्याचा इतिहास अहवालात महिन्यागणिक दिसत असतो. ते डाग मागे सरकेपर्यंत त्याला वाट पाहावी लागली, आणि मनात भरलेलं घर हातचं गेलं. पुतणीने आधी लिमिट वाढवलं, मग अर्ज केला. दीड महिन्याने तिचा एक फोटो आला. अहवालाचं पान, कार्डाचं नाव, पुढे ‘बंद’, पुढे शून्य. खाली तिने लिहिलं होतं, ‘काका, तिकीट जपून ठेवलंय.’

कार्ड दोघांचंही महाग होतं आणि दोघांनाही ते सोडायचं होतं. त्याने तोडलं, तिने मिटवलं. आज घरी गेल्यावर मुंबईला, पुण्याला, आखातात असलेल्या आपल्या मुलांना एवढंच विचारा: न वापरलेलं एखादं कार्ड कपाटात पडलंय का? आणि असेल तर त्यांना कात्री शोधू देऊ नका, आधी हिशेब मांडायला सांगा.