गोड बोलण्याचा सराव

संक्रांतीच्या दिवशीं पांच वर्षांचें मूल 'तिलगूल घ्या' म्हणतें आणि घरांतील मंडळी हंसतात. हंसणारांची ती क्षणाची मौज. मूल मात्र पुढें तो शब्दच टाळूं लागतें.

'ल' उच्चारतांना जिभेचें टोंक वरच्या दांतांमागें टेकतें. 'ळ' साठीं तें मागें वळून टाळूला लागतें. हा भेद आरशांत दाखवावा. आधीं 'आळा', 'ईळी' असे नुसते ध्वनि, मग शब्द, शेवटीं वाक्य, असा क्रम ठेवावा. शब्द हिंवाळाच पुरवितो: तीळ, गूळ, सकाळ, कोवळें ऊन. प्रत्येक शब्दामागें वाटींत एक बोर टाकावें, म्हणजे सरावाचा खेळ होतो. नुसत्या फुंकरी मारून जीभ वळत नाहीं. उच्चार सुधारतो तो उच्चारानेंच.

मूल चुकल्यास दटावूं नये. वडील माणसांनीं तोच शब्द सहजपणें शुद्ध म्हणावा. हांकेला ओ मिळत नसेल, तर मात्र प्रथम कान तपासून घ्यावे व वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

संक्रांतीपर्यंत उच्चार अर्धाच सुधारला, तरी मुलाचें बोलणें पुरतें ऐकून घ्यावें. गोड बोलण्याचें वचन तिळगूळ घेणारानेंहि पाळावयाचें असतें.