वाचकांचे दोन पक्ष

पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पळस्प्याजवळ कोन नांवाचें गांव आहे. तेथील नव्या उंच इमारतींतील कित्येक घरें मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं राखून ठेवण्यांत आलीं, व २०१६ सालीं म्हाडानें त्यांची सोडत काढली. १८ जानेवारी १९८२ रोजीं जो संप सुरू झाला त्यांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांपैकीं बहुतेकांच्या हातचें काम कायमचें गेलें; थोड्यांना, किंवा त्यांच्या वारसांना, एवढ्या वर्षांनीं कोनला छप्पर मिळालें. घर ३२० चौरस फुटांचें. लालबाग-परळच्या चाळींतून असें एखादें बिऱ्हाड हलतें तेव्हां भांडीं येतात, देव येतात, आणि वाचणाऱ्याचें घर असेल तर पुस्तकांचा गठ्ठाही येतो. पण एवढ्याशा जागेंत फळी एकच बसते.

समजा, त्या गठ्ठ्यांत एकीकडे हरि नारायण आपटे व वि. स. खांडेकर आहेत, आणि दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळापहाड. फळीवर कोणीं बसावें आणि रद्दींत कोणीं जावें? कर्त्या सुनेचा कौल बहुधा आपट्यांना, सासऱ्यांचा झुंजाराला. ‘अभिजात’ व ‘लोकप्रिय’ हा वाद साहित्यसंमेलनांत शब्दांचा असतो. येथें तो जागेचा आहे, म्हणून अधिक प्रामाणिक आहे.

सुनेच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जें केवळ वेळ घालविण्यासाठीं लिहिलें गेलें त्याला वाङ्मय म्हणूं नये. सासऱ्यांचा पक्ष उत्तर देतो कीं, दिवसभर साच्यापुढें उभा राहून आलेल्या माणसाला रात्रीं दिव्याखालीं जागें ठेवण्याचें सामर्थ्य ज्या पुस्तकांत होतें, तें पुस्तक हलकें कसें? अर्नाळकरांनीं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. इतक्या लिहावयाच्या तर घाईनें लिहाव्या लागतात, आणि ती घाई पानोपानीं दिसते, हें मान्य केलेंच पाहिजे. पण त्या पुस्तकांनीं चाळींतून वाचक घडविले, हेंही तितकेंच खरें.

पहिल्या पक्षाला एका गोष्टीची आठवण करून देणें इष्ट आहे. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ सालची. तिच्यामागें रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचें वळण होतें, आणि हा रेनॉल्ड्स म्हणजे लंडनच्या गल्ल्यांतून पेनी-पेनीला आठवड्याचे अंक खपविणारा लेखक! पुढें १८९० सालीं हरिभाऊंनीं साप्ताहिक काढलें, त्याचें नांवच मुळीं ‘करमणूक’. आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्याच साप्ताहिकांतून क्रमशः आली. आज जिला अभिजात म्हणून हात जोडावयाचे, तिचा पहिला वाचक पुढच्या अंकाची वाटच पाहत होता. झुंजाराच्या वाचकाहून तो कांहीं निराळा नव्हता.

बरें, अभिजातांची पंगत तरी कायमची कोठें आहे? ना. सी. फडके व खांडेकर यांच्या नांवांनीं ‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ असा मोठा वाद एके काळीं गाजला. दोघेही तेव्हां अत्यंत लोकप्रिय होते, हें मात्र वादाच्या धुळींत कोणाला दिसलें नाहीं. १९६३ सालीं ‘कोसला’ आली आणि नव्या वाचकांना त्या दोघांची भाषा एकदम नटवी वाटूं लागली. उलट, १९३९ सालच्या विश्राम बेडेकरांच्या लहानशा ‘रणांगण’ कादंबरीचा मान वर्षांगणिक वाढतच गेला.

म्हणून सगळींच पुस्तकें सारख्या योग्यतेचीं, असें म्हणणें मात्र पळवाट होईल. शेवट ठाऊक झाल्यावर पुस्तकांत काय उरतें, एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो. खुनी कोण हें एकदां कळलें कीं रहस्यकथेचा प्राण जातो. यमूच्या नशिबीं वैधव्य आणि केशवपन आहे हें आधीं ठाऊक असूनही वाचकाचा हात पान उलटतांना अडखळतो. उतारवयांत झुंजार पुन्हा वाचणारे पुष्कळ भेटतात. पण ते झुंजारापेक्षां स्वतःचें तारुण्यच अधिक वाचीत असतात. अर्थात् त्यांतही वाईट कांहीं नाहीं.

तेव्हां नातीला वाचून दाखवावयाचें तर आपटेच. पण फळीचा प्रश्न याच उत्तरानें सुटत नाहीं, उलट फिरतो. हरिभाऊ १९१९ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाहीं, आणि ज्याला वाटेल तो प्रकाशक ते छापूं शकतो. ठाण्याच्या १८९३ सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत त्यांची कायमची सोय आहे. अर्नाळकर १९९६ सालीं वारले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क कायद्यानें २०५६ अखेरपर्यंत वारसांकडे राहणार. त्यांचीं पुस्तकें हलक्या कागदावर निघालीं, हातोहात फिरलीं, फाटलीं, आणि संपलीं. अभिजात पुस्तक घरांतून गेलें तरी गांवांत सांपडतें. लोकप्रिय पुस्तक घरांतून गेलें कीं बहुधा गेलेंच. सुनेचें मत वाङ्मय म्हणून खरें धरलें, तरी फळीवरची जागा सासऱ्यांच्या पुस्तकांना देणें अधिक शहाणपणाचें.

सगळींच ठेवावयास जागा नाहीं, हेंही उघड आहे. रद्दीवाल्याचा कांटा दारांत येण्यापूर्वीं ज्यांचीं मुखपृष्ठें शाबूत आहेत आणि शेवटचें पान फाटलेलें नाहीं, तेवढीं दहाबारा बाजूला काढावीं.