वरच्या सभागृहातला एक दिवस

(कल्याण तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



परवा वर्ग सुटताना एका आजींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, कायदा कोण लिहितं? कलेक्टर का पोलीस?" सगळे हसले. पण आजींचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. शिकल्यासवरल्या माणसालाही त्याचे उत्तर नीट देता येत नाही. म्हणून आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत. एका कायद्याची आणि एका दिवसाची ही गोष्ट आहे. तो दिवस म्हणजे १८ डिसेंबर २०१३, वार बुधवार.

आधी एवढे समजून घ्या. कायदा कलेक्टर करीत नाही आणि पोलीसही करीत नाहीत. ते कायदा चालवतात. राज्याचा कायदा विधिमंडळ करते. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळात दोन सभागृहे आहेत. एक विधानसभा. तिथे २८८ आमदार बसतात. त्यांना तुम्ही आम्ही मत देऊन निवडतो. दुसरी विधान परिषद. तिला वरचे सभागृह म्हणतात. वरचे म्हणजे माडीवरचे नव्हे! तसे म्हणायची रीत आहे. तिथे ७८ आमदार बसतात.

या ७८ जणांना कोण निवडते? ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांचे सदस्य निवडतात. म्हणजे ठाण्याचे नगरसेवक, कल्याण-डोंबिवलीचे नगरसेवक, आपला जिल्हा परिषद सदस्य, यांचे मत तिथे जाते. आपण नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक परिषदेचा आमदार निवडतो. ७ जणांना पदवीधर निवडतात. ७ जणांना शिक्षक निवडतात. उरलेल्या १२ जणांना राज्यपाल नेमतात.

शिक्षक म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, गुरुजींना दोन-दोन मते असतील. तसे नाही. तो मान हायस्कूल आणि त्याच्या वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांचा आहे. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले, तेव्हा ते मत आम्हाला नाही. आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणून पदवीधराचेही मत नाही. तेव्हा या बाबतीत तुम्ही आणि आम्ही सारखेच.

आता कोणी विचारील, एक सभागृह असताना दुसरे कशाला? त्याचे उत्तर तुमच्याच घरात आहे. आपल्या या भागात जमिनीचे व्यवहार पुष्कळ झाले. डोंबिवलीच्या बाजूला भाताची खाचरे गेली आणि इमारती उभ्या राहिल्या. कागद न वाचता अंगठा उठवणारी माणसे तुम्ही पाहिली आहेत. त्यांचे पुढे काय झाले तेही पाहिले आहे. शहाणा माणूस काय करतो? कागद घरी आणतो. शिकलेल्या पोराकडून पुन्हा एकदा वाचून घेतो. मग सही करतो. वरचे सभागृह म्हणजे हे दुसरे वाचन. कायदा कोट्यवधी लोकांना लागू होतो. तो एकदा वाचून कसे चालेल?

या सभागृहाने आपल्याला चांगली माणसेही दिली आहेत. 'रोजगार हमी' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. हाताला काम मागायचा हक्क. ही कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते.

आता आमच्या गोष्टीकडे वळू. पण १८ डिसेंबरला जाण्याआधी आम्हाला तीस वर्षे मागे जावे लागेल. ही गोष्ट आम्ही फार लोकांना सांगितलेली नाही.

तेव्हा आम्ही मुरबाड तालुक्यात एका लहान गावी मास्तर होतो. नोकरी नवी होती. पावसाळ्याचे दिवस होते. एके रात्री दार वाजले. आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप दारात उभा होता. पोर जमिनीवर घोंगडी टाकून झोपले होते. त्याला मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. त्यामुळे पोर शुद्धीवर होते, बोलत होते.

घरात माणसे जमली होती. कोणी म्हणाले, पलीकडच्या पाड्यावरच्या भगताकडे न्या, तो विष उतरवतो. बाप आमच्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही सांगा. काय करू?"

मंडळी, उत्तर आम्हाला ठाऊक होते. सापाच्या विषावर इंजेक्शन असते, ते दवाखान्यात मिळते, हा पाठ आम्ही त्याच पोराला वर्गात शिकवला होता. गावात एक जीप होती. मुरबाडचा रस्ता चालू होता. पण आम्ही गावात नवे. एवढी मोठी माणसे एक सांगत आहेत, आपण दुसरे कसे सांगावे? उद्या काही वाईट झाले तर बोल आपल्यावर येईल. आम्ही म्हणालो, "तुम्हा सगळ्यांना बरे वाटेल तसे करा."

पोराला भगताकडे नेले. मंत्र झाले, धूप झाला, दोरा बांधला. पहाटे पोराच्या पापण्या जड झाल्या. मग श्वास अडकू लागला. उजाडायच्या आत सगळे संपले.

भगताला आम्ही दोष देत नाही. तो अडाणी होता. आम्ही अडाणी नव्हतो. आम्ही गप्प बसलो.

आता कायद्याकडे येऊ. साताऱ्याचे एक डॉक्टर होते, नरेंद्र दाभोलकर. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. त्यांची मागणी अशी होती : देवाधर्माच्या नावाने जो माणसाला मारतो, लुबाडतो किंवा औषधापासून अडवतो, त्याला शिक्षा करणारा कायदा हवा. ते गावोगाव फिरले, बोलले, सरकारकडे अर्ज केले.

२००५ च्या डिसेंबरात असे एक विधेयक विधानसभेने मंजूर केले. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा कागद. दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि राज्यपालांनी सही केली की त्याचा कायदा होतो. विधानसभेचे काम झाले. मग तो कागद वरच्या सभागृहात गेला आणि तिथे अडकला.

का अडकला? पुष्कळ लोकांना भीती वाटली. या कायद्याने आमची वारी बंद होईल, भजन बंद होईल, देवाला नवस करता येणार नाही, असे बोलले जाऊ लागले. वारकरी मंडळींच्या मनातही शंका आली. शंका आली तर ती विचारलीच पाहिजे. दुसरे वाचन असते ते त्यासाठीच. पण वाचता वाचता चार वर्षे गेली. विधानसभेची मुदत २००९ मध्ये संपली. नियम असा आहे की, विधानसभा संपली की तिने मंजूर केलेले आणि परिषदेत पडून राहिलेले विधेयकही संपते. खालच्या सभागृहाला तेच विधेयक पुन्हा मंजूर करून वाट मोकळी करता आली असती. तसेही घडले नाही. सगळी मेहनत पाण्यात गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून आम्ही म्हणतो, कागद दोनदा वाचावा हे खरे. पण वाचायला घेतलेला कागद फडताळात टाकून विसरू नये.

पुढे नवे मसुदे झाले. काही कलमे गाळली, काही सुधारली. तरी कायदा होईना. आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घालून मारण्यात आले. सारा महाराष्ट्र हळहळला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला.

वटहुकूम म्हणजे तात्पुरता कायदा. विधिमंडळ बसलेले नसताना तो काढता येतो. पण त्याचे आयुष्य थोडे असते. विधिमंडळ पुन्हा बसले की सहा आठवड्यांत दोन्ही सभागृहांनी मान्यता द्यावी लागते. नाही दिली तर वटहुकूम गळून पडतो. म्हणून त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनाकडे सगळ्यांचे डोळे लागले. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. १३ डिसेंबरला विधानसभेने विधेयक मंजूर केले. उरली विधान परिषद. आठ वर्षांपूर्वी गाडी रुतली होती, तीच जागा.

परिषदेत विधेयक कसे चालते? मंत्री उठून ते मांडतात. हे विधेयक सामाजिक न्याय मंत्री शिवाजीराव मोघे यांच्या खात्याचे होते. मग सदस्य बोलतात. कोणी बाजूने बोलतो, कोणी विरुद्ध. कोणी म्हणतो, हा शब्द बदला. मग एकेक कलम घेतात. शेवटी सभापती विचारतात. अनुकूल असतील ते 'होय' म्हणतात, प्रतिकूल असतील ते 'नाही' म्हणतात. ज्या बाजूचा आवाज मोठा, त्या बाजूचे बहुमत. कोणाला शंका असेल तर डोकी मोजतात. तिथे मनातल्या मनात होय म्हणून चालत नाही. तोंड उघडावे लागते.

१८ डिसेंबरला चर्चा होऊन परिषदेने विधेयक मंजूर केले. राज्यपालांची सही झाली आणि तो २०१३ चा तिसावा कायदा झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशात आघाडीचे राज्य ठरले. पुढे २०१७ मध्ये कर्नाटकानेही तसाच कायदा मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याण स्टेशनवर वर्तमानपत्र विकत घेतले. बाकावर बसून ती बातमी वाचली. दोन लोकल सोडल्या. कायद्याचे नाव फार लांबलचक आहे. लोक त्याला 'जादूटोणाविरोधी कायदा' म्हणतात. कायद्याच्या शेवटी एक यादी आहे. तिच्यात बारा गोष्टी गुन्हा म्हणून सांगितल्या आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा गुन्हा. गुप्तधनासाठी नरबळी देणे हा गुन्हा. एखाद्या बाईला भुताळी ठरवून, करणी केली म्हणून छळणे हा गुन्हा. आणि यादीतले नववे कलम असे : साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हा गुन्हा.

ते नववे कलम आम्ही अनेकदा वाचले. आमच्या डोळ्यांसमोर ते मुरबाडकडचे घर आले. ती घोंगडी आली.

शिक्षा काय? कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.

आणि वारीचे काय? भजनाचे काय? तेही कायद्यातच लिहून ठेवले आहे. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, सणवार, पूजा यांना हा कायदा हात लावत नाही. तुम्ही टिटवाळ्याच्या गणपतीला जा, म्हशाच्या जत्रेला जा, कार्ल्याच्या एकविरेला जा, पंढरीला पायी जा. कोणी अडवणार नाही. देवाला हात जोडायला बंदी नाही. देवाचे नाव घेऊन माणसाचा जीव घ्यायला बंदी आहे. लोकांनी शंका विचारल्या म्हणून हे इतके उघड लिहिले गेले. दुसऱ्या वाचनाचा हा फायदा.

पण मंडळी, कायदा झाला म्हणून सगळे झाले का? कायद्याचा कागद मुंबईला आहे. साप आपल्या भाताच्या उडवीत आहे. मध्ये कोण आहे? आपण आहोत.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. साप चावला तर घाबरू नका, पळू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. १०८ नंबर फिरवा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. दुखत नाही, सूज नाही, म्हणून थांबू नका. मण्यार अशीच फसवते. नमस्कार करायचा असेल तर वाटेत गाडीतूनच करा. देवाला तो पोचतो.

आणि पाचवी गोष्ट. घरात दहा माणसे जमतील. नऊ जण म्हणतील, भगताकडे न्या. तेव्हा तुम्ही दहावे आहात असे समजा. तोंड उघडा. मोठ्याने सांगा, "नाही. दवाखान्यात न्या." कोणी रागावेल, कोणी म्हणेल, चार बुके शिकला आणि शहाणा झाला. म्हणू द्या. आता तुमच्या मागे कायदा उभा आहे. त्या रात्री आमच्या मागे तो नव्हता. पण खरे सांगायचे तर तेवढे बोलायला कायदा लागत नव्हता. ते आमचे आम्हालाच बोलता आले नाही.

आजी, तुम्ही विचारलेत, कायदा कोण लिहितं. विधिमंडळ लिहिते. खालचे सभागृह एकदा वाचते, वरचे सभागृह दुसऱ्यांदा वाचते. तिसरे वाचन आता तुमचे आहे. तुम्हाला अक्षर येऊ लागले आहे. ते नववे कलम आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहे. आज प्रत्येकाने ते मोठ्याने वाचायचे, पाटीवर उतरवून घ्यायचे आणि घरी जाऊन एका माणसाला वाचून दाखवायचे.